खद्दूजचं पांढरं

माझ्या मुफद्दलला एक खोड आहे. त्याच्या हातात काहीही द्या, आहे तसं तो परत देत नाही. सुधारून देतो. कुणी सांगितलेलं नसतं, विचारलेलं नसतं. मी किटलीत पुदिना घालून झाकण लावलं की हा येणार, झाकण उघडणार आणि वर आणखी दोन काड्या खोचणार. शेजारणीने दाराला कुठला रंग लावू विचारलं, तर हा दारच बदलायला सांगणार. बायको भाजी चिरत असली की मागे उभं राहून म्हणणार, "अजून बारीक." ती बिचारी सुरी त्याच्यापुढे धरते, तोवर साहेबांना फोन आलेला असतो. लहान होता तेव्हा मला वाटायचं, पोरगं हुशार आहे. आता त्याचे केस पिकलेत, आणि आता मला कळतं की हुशारी वगैरे काही नव्हतं. आहे ते याला पुरत नाही, एवढंच.

आणि अशा माणसाने धंदा कुठला धरावा? फोटोचा.

तेतुआनच्या जुन्या गावात, बाब तूत वेशीच्या आतल्या अंगाला त्याचं दुकान आहे. लग्नाचे फोटो, सुंतेचे फोटो, हजहून आलेल्यांचे मोठमोठे फलक. आमच्या गल्लीबाहेर पाऊल न टाकलेल्या नवऱ्या त्याच्या दुकानात समुद्रावर उभ्या राहतात. टकल्यांना केस फुटतात. राहिमो म्हणून माझी शेजारीण आहे, तिचा नवरा हजला गेला तेव्हा तिथल्या गर्दीत त्याचा एकही फोटो धड आला नाही. मुफद्दलने त्याला दुकानातल्या स्टुलावर बसवून काढला आणि काब्यासमोर उभा केला. स्टूल काढलं, पाय कुणाचे तरी लावले. राहिमो अजून सांगते, "लल्ला मेनाना, हजने माझा माणूस उंच झाला गं." 

हे कसं करतो, ते मी त्याला एकदा विचारलं होतं. मी शाळा पाहिली ती चार दिवस, तीही मशिदीत कुराण शिकवणाऱ्या फकीहची, पण मला कुणी नीट सांगितलं तर कळतं. तो म्हणाला, "यम्मा, आपल्याला फोटो एक दिसतो, पण यंत्रात तो एक नसतो. काचा समज. एकीवर एक ठेवलेल्या काचा. सगळ्यांत खालच्या काचेवर समुद्र. वरच्या काचेवर नवरी. नवरीच्या काचेवर नवरी सोडून बाकी सगळं मी पुसतो. पुसलं की तिथून खालचं आरपार दिसतं."

"आणि काच पुसली की नाही, तुला कसं कळतं?"

"यंत्र दाखवतं. जिथे काही नाही तिथे करडे-पांढरे चौकोन दिसतात."

मी वाकून बघितलं. खरंच होते. नवरीच्या मागे बारीक बारीक चौकोन, थेट हम्मामच्या फरशीसारखे. मी म्हटलं, "एवढी नटूनथटून बाई न्हाणीघरात कशाला उभी केलीस?" तो हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. त्याची गिऱ्हाइकंही तेच म्हणतात. एकाने तर आमच्या घरात असली फरशी नाही म्हणून भांडण काढलं होतं.

काच पूर्ण पुसता येते, तशी अर्धीही पुसता येते. गेलेल्या माणसाला लग्नाच्या फोटोत घ्यायचं असलं की असं करतात. नवरा-नवरीच्या मागे, ढगात, वडील नाहीतर आजोबा पुसट पुसट उभे. किती पुसट, त्यावर दुकानात घासाघीस चालते. एक सून म्हणाली होती, "सासरेबुवांना अजून थोडं पुसट करा. जिवंतपणी पुष्कळ दिसले."

मी हसले होते तेव्हा. आता हसू येत नाही.

खद्दूज माझी धाकटी बहीण. तिचा नवरा सी अब्देस्लाम गेला आणि ती पांढऱ्यात बसली. आमच्यात विधवेने पांढरं घालायचं असतं. अंगातला पायघोळ जेलाबा पांढरा, डोक्याचं फडकं पांढरं, मोजे पांढरे, पायातलं पांढरं. काठ नाही, गोंड्यांची बटणं नाहीत, चमकणारा एक धागा नाही. काजळ नाही, मेंदी नाही, अत्तर नाही. इद्दतीचे महिने संपेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही. हल्लीच्या बायका यात पुष्कळ सवलती काढतात. कुणी क्रीम रंगालाच पांढरा म्हणते, कुणाला नेमकं तेव्हाच डॉक्टरकडे जावं लागतं, आणि डॉक्टर नेमका बाजारात बसतो. खद्दूजने एक सवलत घेतली नाही. सी अब्देस्लाम काही मोठा गोड माणूस नव्हता, हेही सांगून टाकते. पण ती म्हणायची, "मी त्याच्यासाठी नाही करत आहे, ताई. मी केलं म्हणून करते आहे." म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही. आता थोडंसं कळतं. संसार तिने केला होता, त्याचा शेवटही तिलाच करायचा होता.

तिची एकच मुलगी, हस्ना. समुद्रापलीकडे मालागात एका म्हातारीची शुश्रूषा करते. तिचे कागद अडकलेले. तिथून निघाली तर परत घेणार नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं तिकडेच. बापाच्या मातीला येता आलं नाही तिला. फोनवर एकमेकींना बघायच्या, पण आमच्या गल्लीत फोनचं चित्र कधी धड येतं का? अर्धं तोंड हलायचं, अर्धं गोठून राहायचं. हस्ना म्हणाली, "आई, मला तुझा एक फोटो पाठव. जवळ ठेवता येईल असा."

खद्दूजने जन्मात फोटो काढू दिला नव्हता. कागदपत्रांसाठी काढला तेवढाच, त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. पण या वेळी तिने स्वतः मुफद्दलला बोलावलं. इद्दत संपत आली होती. मी म्हटलं, "थांब की थोडी, पांढरं उतरव, हम्मामला जाऊन ये, मग चांगला निळा काफ्तान घालून काढ."

ती म्हणाली, "नको. पांढऱ्यातच काढायचा. तिला बापाच्या मातीला येता आलं नाही. तिच्या आईने तिच्या बापाचं सगळं रीतीने केलं, हे तरी तिला दिसू दे. लोक तिला तिकडे काहीबाही सांगत असतील. हे तिने डोळ्यांनी बघावं."

फोटो काढण्यामागे हे होतं. तोंड बघायला फोन होताच. तिला ते पांढरं दाखवायचं होतं.

मुफद्दल आला, मोठा कॅमेरा गळ्यात. मी म्हटलं, "फोननेच काढ आणि आत्ता पाठवून दे." तर म्हणे, "यम्मा, मी काय रस्त्यावरचा फोनवाला आहे?" रमजान येणार म्हणून अंगणाच्या भिंतीला नुकताच चुना दिला होता. तिच्यापुढे खुर्ची टाकून खद्दूज बसली. ऊन डोक्यावर. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरी बाई. डोळ्यांना लखलख व्हायला लागली इतकं ते पांढरं होतं. तिने हात मांडीवर ठेवले. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. लहानपणापासून पाण्याच्या बादल्या तिनेच त्या हाताने आणल्या. ती सरळ बसायला गेली की तो खांदा आणखीच दिसायचा.

संध्याकाळी मुफद्दल आपलं यंत्र घेऊन घरी आला. भिंत त्याने काढून टाकली होती. साध्या पांढऱ्या पानावर खद्दूज, खुर्चीसकट. छान दिसत होती. खद्दूज बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "हो. ही मी आहे." तेवढंच. मग म्हणाली, "पाठव आता."

"मावशी, असा कसा पाठवू? मागे काही नाही, चौकट नाही. नीट करून देतो ना. दोन दिवस दे."

लग्नाचे दिवस होते. दुकानात गर्दी. खद्दूजने पांढरं उतरवलं, हम्मामला जाऊन आली, पुन्हा बाजारात जायला लागली. दर शुक्रवारी कुसकुस खायला सगळे जमले की त्याला विचारायची, "मुफद्दल, गेला का फोटो?" हा ताटातून वर न बघता म्हणायचा, "इन्शाअल्ला, मावशी, उद्या." ती पुन्हा म्हणायची नाही. कुणाच्या मागे लागायचा तिचा स्वभाव नव्हता. माझा आहे. मी दोनदा त्याला झापलं. तो म्हणाला, "यम्मा, घाईचं काम माझ्याच्याने होत नाही." 

ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत खद्दूज सकाळी पीठ मळता मळता बसली आणि उठली नाही. पीठ परातीत तसंच होतं.

हस्ना याही वेळी आली नाही. फोनवर ती रडत होती, आणि तिचं तोंड मधेच गोठून राहिलं, तोंड उघडं, आवाज नाही. मी फोन तसाच धरून बसले. मग थोड्याच दिवसांनी अल्लाने काय केलं बघा, तिचे कागद झाले. आईला पुरल्यावर झाले. चाळिसाव्याला येते, म्हणाली. आणि म्हणाली, "मावशी, तो फोटो आहे ना? आईने सांगितलं होतं, मुफद्दलभाई करतोय म्हणून." मी म्हटलं, "आहे. तू ये. तुझ्या हातात देते." मी शब्द दिला.

चाळिसाव्याच्या थोडं आधी मी दुकानात गेले. मुफद्दल कामालाच बसला होता. मोठ्या पडद्यावर हिरवीगार बाग काढली होती. झाडं, वेली, मधोमध कारंजं. "जन्नतसारखं," म्हणाला. "यात मावशीला बसवतो. बघच तू." आणि त्याने खद्दूजची काच त्या बागेवर टाकली.

कारंज्याचं पाणी तिच्या छातीतून वर येत होतं.

तोंड होतं. दोन हात होते, मांडीवर ठेवलेले, पण मांडी नव्हती. खुर्चीचे पाय होते. मधे कुठे कुठे कपड्याच्या चुण्यांच्या सावल्या, राखेच्या रेघोट्यांसारख्या. बाकी सगळीकडून झाडंच झाडं. डोक्याचं फडकं गेलेलं. कपाळाच्या वर वेल.

"मुफद्दल," मी म्हटलं, "माझी बहीण कुठे आहे?"

त्याने चारदा काहीतरी दाबलं, काच काढली, पुन्हा टाकली. तेच.

"विचारते आहे मी."

"यम्मा, त्या दिवशी भिंत काढताना... एक कांडी असते. भिंतीवर एकदा टेकवली की यंत्र तो रंग धरतं, आणि त्याला लागून त्या रंगाचं जेवढं असेल तेवढं सगळं उचलतं. भिंत पांढरी, कपडा पांढरा, त्यात ते ऊन. भिंत कुठे संपली आणि मावशी कुठे सुरू झाली, ते त्याला कळलं नाही."

"त्याला नाही कळलं. तुला?"

"मला दिसलं नाही गं. दुकानात माणसं खोळंबली होती. आणि मी लगेच खाली पांढरं पान सरकवलं. पुसलेल्या जागेतून पान दिसत होतं, मला वाटलं कपडाच आहे."

मग मला ती संध्याकाळ आठवली. आम्ही तिघं त्या यंत्राभोवती बसलो होतो आणि कोऱ्या पानाकडे बघून छान म्हणत होतो. खद्दूजसुद्धा. ही मी आहे, म्हणाली होती. जिथे ती नव्हतीच, तिथे आपलं पांढरं बघून समाधानाने उठली होती बिचारी.

"पहिला फोटो काढ. कॅमेऱ्यातला."

"कॅमेऱ्यातला पुसला. दुसऱ्या दिवशी लग्न होतं, जागा हवी होती."

"मग यंत्रातला."

"त्याच्यावरच काम केलं मी. वेगळा ठेवायला हवा होता. नेहमी ठेवतो. घरचंच काम म्हणून नाही ठेवला."

घरचंच काम! गिऱ्हाइकाची टकलं जपून ठेवतो हा. मी खूप बोलले. काय बोलले ते सोडा. शेजारच्या चांभाराने हातोडी थांबवली होती, एवढं सांगते.

शेवटी तोच म्हणाला, "मागे पुन्हा पांढरं ठेवलं तर ती होती तशी दिसेल, यम्मा. मावशीने बघितली तशी." त्याने बाग काढली, पांढरं पान सरकवलं, आणि खद्दूज परत आली. लांबून अगदी तीच. जवळ गेलं की मात्र बाही कुठे संपते, खांदा कुठे वळतो, काही सांगता येत नव्हतं. चेहरा आणि हात पांढऱ्यात तरंगल्यासारखे. पण जेवढं होतं तेवढं खरं होतं. तोंड तिचं, हात तिचे, चुण्या तिच्या कपड्याच्या.

मी म्हटलं, "हाच छाप. बाग नको, चौकट नको. आणि हस्नाला मी सांगेन काय झालं ते. ती रडेल. रडू दे. पण सांगायचं."

"हो," तो म्हणाला. हो म्हणाला, माझ्या कानांनी ऐकलं.

हस्ना आली. तारिफाहून बोटीने तांजा, तिथून बसने. दारातून आत आली ती थेट आईच्या परातीपाशी जाऊन बसली. तिचेही केस पिकायला लागलेत, हे फोनमध्ये कधी दिसलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "फोटोचं तुला काही सांगायचं आहे, पण आधी पोटात काही घाल." तेवढ्यात बायका यायला लागल्या, आणि सांगायचं राहिलं.

चाळिसाव्याला घर भरलं होतं. तोल्बा लोकांचं कुराण वाचून झालं, ते जेवून गेले. बायका आतल्या दिवाणखान्यात बसल्या होत्या, चहा फिरत होता. तेवढ्यात मुफद्दल आत आला. दोन माणसांनी धरून आणलेली चौकट, सोनेरी, दाराएवढी, वर कापड. साध्या पांढऱ्या कागदाला दोन माणसं कशाला लागतात?

"हस्ना," तो म्हणाला, "तुझ्या आईची आठवण." आणि कापड ओढलं.

बाग होती. कारंजंही होतं. आणि त्यापुढे खद्दूज बसली होती, पांढऱ्या काफ्तानात. दोन्ही खांदे अगदी सारखे, राणीसारखे ताठ. छातीवरून खालपर्यंत चंदेरी काठ. गळ्यापासून पायापर्यंत गोंड्यांची बटणं, एक एक मोजून घ्यावं अशी. कमरेला पट्टा. डोक्यावरच्या फडक्याला चमक. त्याला कुठल्यातरी नवरीचं अंग सापडलं होतं, त्याच्यावर माझ्या बहिणीचं तोंड आणि हात बसवले होते.

तबारकल्ला, तबारकल्ला, म्हणून बायकांनी कौतुकाला सुरुवात केली. मग एकेक आवाज थांबला. पुरुषांना कळलं नसतं. पण त्या खोलीतल्या प्रत्येक बाईने कुणाचं ना कुणाचं पांढरं केलेलं होतं, नाहीतर आईचं बघितलेलं होतं. मुफद्दलने आधी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की हा इद्दतीतला फोटो आहे म्हणून.

राहिमो शेजारणीच्या कानात बोलली. पण राहिमोचं कानातलं बोलणं रस्त्यावर ऐकू जातं. "इद्दतीत चांदीचा काठ? आणि आम्हाला सांगायची, काजळाची कांडीसुद्धा बाहेर फेकली म्हणून!"

"पट्टा बघ ना. पट्टा बांधून बसली होती."

"घरात कोण बघतंय म्हणा."

हस्नाने ऐकलं. ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मी सांगू शकत नाही. "मावशी," ती हळूच म्हणाली, "आई मला म्हणाली होती, सगळं रीतीने केलं. हे असं घातलं होतं तिने?"

मला माझं घर प्यारं आहे. माझ्या मुलाबद्दल बाहेर कुणी वाकडं बोललं तर मी त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढते. चार बायकांत त्याची मान खाली जाऊ नये म्हणून मी आयुष्यभर काय काय झाकलं ते माझं मला माहीत. पण खद्दूज तिथे नव्हती. ती स्वतःबद्दल बोलायला तिथे नव्हती, आणि तिचं तोंड त्या नवरीच्या कपड्यांवर बसून गप्प हसत होतं.

मी उठून उभी राहिले. "राहिमो," मी म्हटलं, "चहा खाली ठेव आणि ऐक. तुम्ही सगळ्याच ऐका. ह्यात तोंड तेवढं माझ्या बहिणीचं आहे. हात तिचे आहेत. बाकी अंग कुणाचं, ते ह्या माझ्या मुलाला विचारा. खद्दूजच्या अंगावर साधा पांढरा जेलाबा होता, गोंडा नाही, काठ नाही. मी रोज बघितला, मी धुतला. ह्याने भिंत पुसताना तिचा जेलाबाही पुसला, आणि चूक दिसू नये म्हणून दुसरीचे कपडे घातले तिला. माझ्या बहिणीने एक दिवससुद्धा रीत मोडली नाही. ज्या तोंडाने हे बोललात, त्याच तोंडाने गल्लीत हेही सांगा."

मुफद्दल चौकटीशेजारी उभा होता, हातात ते कापड. त्याच्या बायकोने त्याला बाहेर नेलं. राहिमो डोळे पुसायला लागली. ती वाईट नाही, तोंडाची आहे. "लल्ला मेनाना, मला काय ठाऊक," म्हणाली. खरंच तिला काय ठाऊक. जे समोर ठेवलं ते तिने बघितलं.

बायका गेल्यावर मी सुनेला दुकानात पाठवून तो साधा कागद आणवला. मी सांगितलं होतं म्हणून छापला होता त्याने, पण टेबलाच्या खालच्या कप्प्यात टाकून दिला होता. हस्नाने तो मांडीवर घेतला. काय काय झालं, सगळं मी तिला सांगितलं. काचांचं, कांडीचं, पांढऱ्या पानाचं. ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

तिने बोट कागदावर ठेवलं. "मावशी, इथे बाही आहे का?"

"हो. नाही, थोडी अलीकडे."

"आणि खांदा?"

मी तिच्या बोटाला धरून फिरवलं. "हा उजवा. हा असा खाली आला, हा डावा. बादल्यांचा." कागदावर काही नव्हतं. आम्ही दोघी कोऱ्या जागेवरून हात फिरवत होतो. मधेच माझं बोट थांबलं. जेलाब्याचा गळा गोल होता की टोकाचा, तेच मला आठवेना. रोज धुतला होता मी तो. आणि तो जेलाबा? आमच्यात पांढरं उतरवलं की देऊन टाकतात. कुठल्या गरीब बाईच्या अंगावर तो फाटून गेला असेल, अल्ला जाणे.

"राहू दे," हस्ना म्हणाली. "जेवढी आहे तेवढी आहे." तिने कागदाची गुंडाळी केली. "फक्त हिच्या मागे कधी काही लावू नका हं, मावशी. रंगाच्या भिंतीवरसुद्धा नको." कागदाला भिंतीचा काय धाक, छापलेलं पांढरं छापलेलंच असतं, हे मलाही कळतं आणि तिलाही कळत होतं. पण तिने सांगितलं, मी हो म्हटलं.

फोटो त्याच दिवशी पाठवला असता, फोनने काढून, वाकडातिकडा, तर आज हस्नाकडे आईचा खांदा असता. खद्दूज जिवंत असतानाच हस्नाने तो बघितला असता आणि फोनवर काहीतरी बोलली असती. काय बोलली असती, याचाच मी विचार करत असते.

हस्ना बसमध्ये बसून गेली, आणि मी घरी आले तर मुफद्दल अंगणात बसलेला. चौकट भिंतीला उलटी टेकवून ठेवली होती. मला बघून उठला. डोळे सुजलेले. मला वाटलं आता म्हणेल, चुकलं. एवढं एकच ऐकायला मी दारात थांबले.

तो म्हणाला, "यम्मा, तिने तो साधा कागदच नेला? अगं, काठामुळेच तर सगळं झालं ना. काठ काढणं एका मिनिटाचं काम आहे. बटणं पुसतो, पट्टा पुसतो, एक खांदा थोडा खाली घेतो. पुढच्या आठवड्यात पाठवून देतो तिला. कुणाला कळणार नाही बघ."

मी डोक्यावरचं फडकं सोडलं, खुर्चीवर टाकलं, आणि त्याच्यासमोर बसले.

"मुफद्दल, तुझ्या हातात कला आहे, हे मी कुणालाही सांगेन. तुझी मावशी तुझ्याकडे आली आणि म्हणाली, मी आहे तशी माझ्या लेकीला दाखव. त्याला कला लागत नव्हती. तुला ती तेवढी पुरली नाही. जिवंत होती तेव्हा पुरली नाही आणि मेल्यावरही पुरत नाही. आता ऐक. ती चौकट तू स्वतः फोडायचीस, माझ्यासमोर. आणि मी मरेन तेव्हा माझा फोटो कुठेही लावायचा नाहीस, ना बागेत ना ढगात. ज्यांना मी आठवेन त्यांना वाकडीतिकडी आठवेन, तेवढी मला पुरे. तू मुलगा आहेस माझा, मी तुझ्यासाठी दुआ करते आणि करत राहीन. पण माझं तोंड मी तुझ्या हातात देणार नाही."